अ‍ॅटिकस फिंच, नैतिक धैर्य आणि वर्णद्वेष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतील वकील अ‍ॅटिकस फिंच याच्याविषयी वाचक, शिक्षक आणि कायद्याचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कथानकाचा शेवट उघड केल्याशिवाय ही चर्चा करता येत नाही, म्हणून ज्यांनी कादंबरी अद्याप वाचलेली नाही त्यांनी पहिल्या उत्तरानंतर थांबलेले बरे.

१. अ‍ॅटिकस फिंच नेमका कोण, आणि एका काल्पनिक वकिलाची एवढी चर्चा का होते?

ही कादंबरी ११ जुलै १९६० रोजी प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथा घडते ती १९३३ ते १९३५ या महामंदीच्या वर्षांत, अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातल्या मेकॉम या काल्पनिक गावात. अ‍ॅटिकस हा तेथील पन्नाशीला टेकलेला विधुर वकील आणि राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य आहे. जेम आणि स्काउट ही त्याची दोन मुले, आणि घर सांभाळणारी कॅलपर्निया ही कृष्णवर्णीय बाई. कथा सांगते ती स्काउट, मोठेपणी मागे वळून पाहताना. त्यामुळे अ‍ॅटिकस आपल्याला दिसतो तो नेहमी मुलीच्या नजरेतून, आणि ही गोष्ट पुढच्या अनेक उत्तरांत महत्त्वाची ठरते.

१९६२ च्या चित्रपटात ग्रेगरी पेक यांनी ही भूमिका केली आणि त्यांना ऑस्कर मिळाले. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये अमेरिकी चित्रपटांतील नायकांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक अ‍ॅटिकसलाच दिला. १९९७ मध्ये अलाबामाच्या वकील संघटनेने लेखिकेच्या मन्रोव्हिल या गावी त्याचे स्मारक उभारले. जो वकील कधी जन्मालाच आला नाही त्याचे स्मारक खऱ्या वकिलांनी उभारावे, यातून त्या व्यवसायाला स्वतःविषयी काय ऐकायला आवडते तेही कळते.

२. टॉम रॉबिन्सनवरचा खटला काय होता? पुरावा खरोखर इतका कमकुवत होता का?

टॉम हा पंचवीस वर्षांचा, बायकामुले असलेला कृष्णवर्णीय शेतमजूर. गावाबाहेर उकिरड्याजवळ राहणाऱ्या बॉब युएल या गोऱ्या माणसाची एकोणीस वर्षांची मुलगी मेयेला हिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. अलाबामात त्या काळी या गुन्ह्याला मृत्युदंड होता. प्रौढ स्त्रीवरील बलात्कारासाठी मृत्युदंड देणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट १९७७ मध्ये दिला.

अ‍ॅटिकसची उलटतपासणी तीन साध्या गोष्टींवर उभी आहे. मेयेलाला मारहाण झाली, पण डॉक्टरला कोणीच बोलावले नाही, म्हणजे बलात्काराचा वैद्यकीय पुरावा मुळातच नाही. मार तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला लागला होता, म्हणजे समोरून मारणारा बहुधा डावखुरा असावा. आणि भर न्यायालयात स्वतःचे नाव लिहायला लावल्यावर बॉब युएल डाव्या हाताने लिहितो. तिसरी गोष्ट म्हणजे मेयेलाच्या गळ्याभोवती चहूकडून बोटांचे वळ होते, तर टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला आहे. टॉमच्या सांगण्याप्रमाणे जवळीक मेयेलाने केली, ते तिच्या बापाने खिडकीतून पाहिले आणि नंतर त्यानेच तिला मारले. हे सर्व ऐकूनही बारा गोऱ्या पुरुषांची ज्यूरी, म्हणजे कौल देण्यासाठी बसवलेले सामान्य नागरिक, टॉमला दोषी ठरवते. त्यामागची कारणे प्रश्न ५ मध्ये आहेत.

३. हा खटला अ‍ॅटिकसने स्वतःहून अंगावर घेतला होता ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. न्यायाधीश टेलर यांनी त्याची नेमणूक केली. अशी कामे गावातील नवशिक्या वकिलाला देण्याची प्रथा होती; टेलर यांनी ती मोडून मुद्दाम अ‍ॅटिकसला निवडले. आपल्या भावाशी बोलताना अ‍ॅटिकस कबूलही करतो, की असा खटला आयुष्यात आपल्या वाट्याला येऊ नये अशी त्याची इच्छा होती.

यामुळे त्याचे मोल कमी होते असे काही टीकाकार मानतात. मला ते पटत नाही, कारण नेमलेल्या वकिलाला काहीही न करता मोकळे होण्याची पूर्ण मुभा त्या व्यवस्थेत होती. १९३१ च्या स्कॉट्सबरो खटल्यात (प्रश्न ७) नऊ कृष्णवर्णीय मुलांना मिळालेल्या बचावाला बचाव म्हणणेच कठीण होते, आणि म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’ या निर्णयात, मृत्युदंडाच्या खटल्यात आरोपीला परिणामकारक वकील मिळालाच पाहिजे असे बजावले. मेकॉमच्या गावकऱ्यांची तक्रारही अ‍ॅटिकसची नेमणूक झाली ही नाही. तो टॉमचा बचाव मनापासून करणार आहे, ही आहे. त्याचे धैर्य वकीलपत्र स्वीकारण्यापेक्षा ते प्रामाणिकपणे चालवण्यात शोधावे लागते.

४. हरणार हे ठाऊक असलेला खटला लढण्यात धैर्य कसले? तो नुसता हट्ट नव्हे का?

या प्रश्नाचे उत्तर खटला सुरू होण्यापूर्वीच, दोन प्रसंगांतून दिलेले आहे. पहिल्यात अ‍ॅटिकस रस्त्यावर आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याला एका गोळीत मारतो आणि आपले वडील कधीकाळचे पट्टीचे नेमबाज होते हे मुलांना प्रथमच कळते. जेमचा ऊर अभिमानाने भरून येतो. दुसऱ्यात मिसेस ड्युबोस ही शेजारची आजारी, तोंडाळ म्हातारी येते. ती मुलांसमोर त्यांच्या बापाला कृष्णवर्णीयांचा कैवारी म्हणून शिव्या घालते. मरण्यापूर्वी मॉर्फिनच्या व्यसनातून सुटायचेच, असे ठरवून ती वेदना सोसते आणि तशीच मरते. अ‍ॅटिकस मुलाला सांगतो, की हातात बंदूक असलेला माणूस म्हणजे धैर्य नव्हे. आपण हरणार हे आधीच माहीत असूनही सुरुवात करणे आणि शेवटपर्यंत नेणे म्हणजे धैर्य.

लेखिकेने हा धडा एका कडव्या वर्णद्वेष्ट्या बाईच्या आयुष्यातून द्यावा, हे सहज नजरेतून सुटते. म्हणजे कादंबरीच्या मते धैर्य आणि न्यायबुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीबरोबर दुसरी येईलच असे नाही. अ‍ॅटिकसच्या ठिकाणी त्या बऱ्याच अंशी एकत्र येतात. किती अंशी, हाच खरा वाद आहे (प्रश्न १० पाहावा).

शिवाय अ‍ॅटिकसचा हिशेब केवळ भावनेचा नाही. मेकॉमच्या ज्यूरीला धक्का देता आला तर द्यावा आणि अपिलात निकाल फिरवून घ्यावा, अशी त्याची योजना आहे. कनिष्ठ न्यायालयात साक्षी नीट नोंदवून ठेवल्या नाहीत तर अपिलाला आधार उरत नाही, हे कोणताही वकील सांगेल.

५. पुरावा इतका स्पष्ट असताना ज्यूरीने टॉमला दोषी कसे ठरवले?

खटल्यातील निर्णायक वाक्य टॉमच्याच तोंडून येते. मेयेलाची फुकट कामे तू का करत होतास, असे सरकारी वकील विचारतो तेव्हा टॉम सांगून जातो की त्याला तिची कीव येत होती. त्या क्षणी न्यायालयातली हवा बदलते. १९३५ च्या अलाबामात कृष्णवर्णीयाने गोऱ्या स्त्रीची कीव करणे म्हणजे स्वतःला तिच्याहून वरच्या पायरीवर ठेवणे होते, मग ती स्त्री गावाने ओवाळून टाकलेल्या घरातली का असेना. युएल कुटुंबाजवळ गोऱ्या कातडीखेरीज काहीच नव्हते, आणि तेवढीही पुंजी या खटल्यात काढून घेतली जाण्याची वेळ आली होती. ज्यूरीने ती जपली.

ज्यूरीची घडणही पाहिली पाहिजे. तीत बहुतेक आसपासचे शेतकरी होते. स्त्रियांना अलाबामात ज्यूरीत बसताच येत नव्हते. तो कायदा १९६६ मध्ये रद्द ठरला. कृष्णवर्णीय नागरिकांना कागदोपत्री बंदी नव्हती, पण त्यांची नावे यादीत येणारच नाहीत अशी व्यवस्था होती. ही व्यवस्था घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’ या प्रकरणात १ एप्रिल १९३५ रोजी दिला होता, आणि टॉमचा खटला चालतो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. कादंबरीतील अ‍ॅटिकस हा आक्षेप एकदाही घेत नाही. कथेची तारीखवार चिकित्सा करणे हे कादंबरीवर थोडे अन्यायाचे आहे याची जाणीव ठेवूनही, ही उणीव मला बोलकी वाटते. त्याच राज्यातून, अगदी ताज्या निर्णयाने हाती आलेले हत्यार त्याने उचललेच नाही.

ज्यूरीने कौल द्यायला तासन्‌तास घेतले, याला मात्र अ‍ॅटिकस छोटी पायरी मानतो. निर्दोष ठरवण्याचा आग्रह धरणारा एक सदस्य होता, आणि तो कनिंगहॅम घराण्याशी संबंधित होता. त्याचा धागा प्रश्न ८ मध्ये आहे.

६. न्यायाधीश टेलर टॉमच्या बाजूचे दिसतात. ते हा निकाल रद्द करू शकले नसते का?

करू शकले असते, आणि याचे अस्सल उदाहरण त्याच राज्यात, त्याच दशकात घडलेले आहे. स्कॉट्सबरो प्रकरणाच्या १९३३ मधील फेरसुनावणीत ज्यूरीने हेवूड पॅटरसनला दोषी ठरवून मृत्युदंड सुनावला, तेव्हा न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुराव्याची सविस्तर छाननी केली आणि तो कौल बाजूला सारून नव्या सुनावणीचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. तेथे न्यायाधीशही मतदारांनी निवडायचे असतात.

भारतीय वाचकाला येथे नानावटी खटला आठवणे स्वाभाविक आहे, पण तेथे दिशा उलटी होती. मुंबईच्या ज्यूरीने १९५९ मध्ये नानावटींना बहुमताने निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो कौल अमान्य झाला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. अमेरिकेत ज्यूरीचा निर्दोषत्वाचा कौल अंतिम असतो. न्यायाधीशाला हात घालता येतो तो दोषी ठरवणाऱ्या कौलात, म्हणजे टॉमच्या बाबतीत वाट मोकळी होती. टेलर यांनी चांगला वकील नेमण्यापुरतेच धाडस केले. हॉर्टन यांनी त्यापुढचे केले आणि त्याची किंमत मोजली.

७. कादंबरी सत्यघटनेवर आधारलेली आहे का?

एका विशिष्ट खटल्यावर नाही. तीन गोष्टींचे ठसे मात्र तिच्यावर स्पष्ट दिसतात.

स्कॉट्सबरो प्रकरण सर्वांत प्रसिद्ध. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामात एका मालगाडीतून उतरवलेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवला गेला आणि काही दिवसांतच आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. त्या दोघींपैकी रूबी बेट्स हिने पुढे साक्ष फिरवली आणि असे काही घडलेच नव्हते असे सांगितले, तरी ज्यूरी दोषी ठरवतच राहिल्या. नऊपैकी शेवटच्या तिघांना मरणोत्तर माफी मिळाली ती २०१३ मध्ये.

दुसरे प्रकरण मन्रोव्हिलचेच, लेखिका लहान असतानाचे. वॉल्टर लेट या कृष्णवर्णीयाला एका गोऱ्या स्त्रीच्या तक्रारीवरून मृत्युदंड झाला, नंतर तो जन्मठेपेत बदलला गेला आणि काही वर्षांत तो तुरुंगवासातच वारला.

तिसरे म्हणजे लेखिकेचे वडील अमासा कोलमन ली. ते वकील, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक आणि विधिमंडळ सदस्य होते. १९१९ मध्ये त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांचा बचाव केला. दोघांनाही फाशी झाली.

८. तुरुंगाबाहेर झुंड येते त्या रात्री गावाला वाचवले कोणी, अ‍ॅटिकसने की स्काउटने?

खटल्याच्या आदल्या रात्री अ‍ॅटिकस घरून विजेचा दिवा नेऊन, आपल्या कचेरीतल्या खुर्चीवर तुरुंगाच्या दारात वर्तमानपत्र वाचत बसतो. टॉमला बाहेर ओढून ठार मारण्यासाठी माणसे गाड्यांतून येतात. अ‍ॅटिकसपाशी शस्त्र नाही. मागून आलेली स्काउट त्या घोळक्यात वॉल्टर कनिंगहॅमला ओळखते, त्याच्या मुलाची चौकशी करते, त्याच्या जमिनीच्या भानगडीविषयी बोलते. थोड्या वेळाने तो खाली वाकून तिच्या खांद्यांना धरतो आणि सगळ्यांना परत चलायला सांगतो.

माझ्या मते अ‍ॅटिकसच्या शारीरिक आणि नैतिक धैर्याची खरी कसोटी न्यायालयात नाही, ती या खुर्चीवर आहे. न्यायालयात त्याला कायद्याचे कवच होते. येथे शेरीफलाही, म्हणजे तेथील पोलिसप्रमुखालाही, हूल देऊन दूर पाठवलेले होते. पण दुसऱ्या दिवशी तो मुलांना जो अर्थ सांगतो तो वादग्रस्त आहे. कनिंगहॅम मुळात चांगला माणूस आहे, त्याच्यात इतरांसारखेच काही आंधळे कोपरे आहेत, आणि झुंड म्हणजे शेवटी माणसेच, असे तो म्हणतो. जेम यावर लगेच म्हणतो की हा माणूस तुम्हाला मारायला निघाला होता, आणि मुलाचे हे म्हणणे बापाच्या समजूतदारपणापेक्षा वस्तुस्थितीला जवळचे आहे.

समोरच्या खिडकीत वृत्तपत्राचा संपादक अंडरवुड बंदूक रोखून बसला होता, हेही विसरू नये. तो कृष्णवर्णीयांचा तिरस्कार करणारा माणूस होता, तरीही टॉमला झुंडीच्या हाती जाऊ द्यायला तो तयार नव्हता.

९. टॉमचा मृत्यू कसा होतो? तो खरोखर पळाला का?

अपिलाची वाट पाहत असताना, तुरुंगाच्या शेतावर व्यायामाच्या वेळी त्याने कुंपणाकडे धाव घेतली आणि पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, असे अधिकृत सांगणे आहे. त्याच्या शरीरात सतरा गोळ्या सापडतात. निकामी हाताच्या माणसाने उंच कुंपण चढून जाण्याची शक्यता किती, आणि त्याला थांबवायला सतरा गोळ्या कशाला, हा संशय वाचकाच्या मनात येतो. अ‍ॅटिकसच्या मनात तो आल्याचे दिसत नाही. गोऱ्यांनी दिलेल्या संधींना टॉम कंटाळला असावा आणि त्याने स्वतःची संधी घेतली, असे तो म्हणतो. हे वाक्य सहानुभूतीचे आहे, पण व्यवस्थेच्या सांगण्यावर विसंबणारेही आहे.

१०. अ‍ॅटिकस वर्णद्वेषाच्या विरोधात होता, की फक्त एका खोट्या आरोपाच्या?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची येतात. १९९२ मध्ये कायद्याचे प्राध्यापक मन्रो फ्रीडमन यांनी असा मुद्दा मांडला, की अ‍ॅटिकस अनेक वर्षे विधिमंडळात बसला, पण वेगळे बाक, वेगळ्या शाळा आणि गोऱ्यांपुरत्या ज्यूरी यांविरुद्ध त्याने आपणहून बोट उचलल्याचे दिसत नाही. मग वकिलांनी त्याला आदर्श का मानावे? त्यावर वकीलवर्गातून मोठा गदारोळ झाला. २००९ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांनी हाच धागा पुढे नेत लिहिले, की माणसांची मने हळूहळू सुधारतील या विश्वासावर अ‍ॅटिकस थांबतो आणि कायदा व रचना बदलण्याकडे वळत नाही.

कादंबरीत या आरोपाला आधार आहे. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या संघटनेविषयी मुलांशी बोलताना अ‍ॅटिकस सांगतो, की १९२० च्या आसपास ती राजकीय संघटनाच अधिक होती, आणि एका ज्यू व्यापाऱ्याने दारात उभे राहून, तुमच्या अंगावरच्या चादरी मीच तुम्हाला विकल्या आहेत, असे सुनावल्यावर ते लाजून निघून गेले. गोष्ट मोठी गमतीदार आहे, पण त्या काळात या संघटनेने केलेल्या हिंसेचा विचार करता अपुरीही आहे.

दुसऱ्या बाजूला त्याच्या समारोपाच्या भाषणात, सर्व कृष्णवर्णीय खोटे बोलतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही या गृहीतकालाच तो दुष्ट म्हणतो. हा हल्ला एका खोट्या साक्षीपुरता उरत नाही. माझे मत असे, की अ‍ॅटिकस वर्णद्वेषाला माणसांच्या मनातला रोग मानतो. तो कायद्यात, शाळेत आणि ज्यूरीच्या यादीत बांधून काढलेला आहे हे त्याला पुरेसे दिसत नाही. म्हणून जेथे माणूस समोर उभा आहे तेथे तो विलक्षण धीट असतो आणि जेथे समोर माणूस नाही, नियम आहे, तेथे गप्प राहतो. त्याचे धैर्य खरे आहे आणि त्याची मर्यादाही खरी आहे; एकीने दुसरी पुसली जात नाही.

त्या काळात याहून वेगळे शक्य होते का, असेही विचारले जाते. होते. आर्थर शोअर्स या कृष्णवर्णीय वकिलाने १९३७ पासून अलाबामातच वकिली करून मतदानाचा हक्क आणि विद्यापीठप्रवेश यांचे खटले लढवले. १९६३ मध्ये त्यांच्या घरावर दोनदा बॉम्ब टाकले गेले.

११. बलात्काराची तक्रार करणाऱ्या स्त्रीची अशी उलटतपासणी आज योग्य मानली जाईल का?

हा प्रश्न अवघड आहे आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही. प्राध्यापक स्टीव्हन ल्यूबेट यांनी १९९९ मध्ये विचारले, की मेयेला खरे बोलत असती तर? तशा वेळीही वकिलाने हेच डावपेच वापरले असते का? अ‍ॅटिकस ज्यूरीला सुचवतो की तिनेच पुढाकार घेतला, समाजाचा अलिखित नियम मोडला आणि ती लाज झाकण्यासाठी टॉमला पुढे केले. स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवणारा हा जुनाच बचाव आहे.

तथापि उलटतपासणीचा कणा चारित्र्य नसून जखमांची बाजू आणि टॉमचा हात हा आहे (प्रश्न २), आणि तो आजही योग्यच ठरेल. मेयेला बापाच्या हातची बळी आहे, हे अ‍ॅटिकसला कळते. तो ते बोलूनही दाखवतो. मात्र त्या न्यायालयात तिला त्या बापापासून वाचवणारा कायदा नव्हता, वकीलही नव्हता.

१२. ‘गो सेट अ वॉचमन’मध्ये अ‍ॅटिकस वर्णद्वेष्टा निघतो. मग खरा अ‍ॅटिकस कोणता?

हे पुस्तक १४ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाले, पण ते लिहिले गेले आधी. ली यांनी १९५७ मध्ये दिलेल्या हस्तलिखितातील बालपणीच्या आठवणींवर भर देऊन नव्याने लिहिण्याचा सल्ला संपादक टे होहॉफ यांनी दिला आणि त्यातून ‘मॉकिंगबर्ड’ साकार झाली. तेव्हा याला पुढचा भाग समजणे चूक आहे. ती आधीची, टाकून दिलेली मांडणी आहे. दोन्हींत तपशीलही जुळत नाहीत : त्या हस्तलिखितात कृष्णवर्णीय आरोपीची निर्दोष सुटका होते.

त्यातील अ‍ॅटिकस बहात्तर वर्षांचा, संधिवाताने त्रासलेला आहे, आणि शाळांतील विभक्तता टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या नागरी परिषदेत बसतो. कॅलपर्नियाच्या नातवाचे वकीलपत्र तो घेतो, पण कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे वकील त्या प्रकरणात शिरू नयेत म्हणून. पुष्कळ वाचकांना याचा धक्का बसला. प्रश्न १० मधील टीका ज्यांनी आधी वाचली होती त्यांना तो कमी बसला असावा. १९३५ मध्ये एका निरपराध माणसासाठी उभा राहणारा गृहस्थ, १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्यावर त्याच न्यायालयाविरुद्ध उभा राहतो, हे त्या पिढीतील दक्षिणी उदारमतवाद्यांच्या बाबतीत अपवादात्मक नव्हते.

१३. कादंबरीतील कृष्णवर्णीय पात्रे इतकी मूक का आहेत?

हा आक्षेप बव्हंशी रास्त आहे. टॉम सज्जन आणि दीनवाणा आहे, त्याचा राग आपल्याला कधी दिसत नाही. निकालानंतर सज्ज्यात बसलेले कृष्णवर्णीय अ‍ॅटिकसच्या सन्मानार्थ उठून उभे राहतात. हरलेला अशील त्यांच्यातला, आणि मान मात्र वकिलाला. स्काउटला त्या जगात प्रवेश मिळतो तो एकदाच, कॅलपर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते तेव्हा. तेथे लूला नावाची स्त्री गोऱ्या मुलांना येथे का आणले असे रोखठोक विचारते. अख्ख्या पुस्तकात एवढा एकच तिखट स्वर आहे, आणि तो लगेच गप्प केला जातो. अ‍ॅरन सॉर्किन यांनी २०१८ मध्ये ब्रॉडवेवर आणलेल्या नाट्यरूपांतरात कॅलपर्निया अ‍ॅटिकसला त्याच्या समजूतदारपणाविषयी जाब विचारते.

१४. या पुस्तकावर बंदी का घातली जाते?

कारणे काळानुसार उलटी झाली आहेत. १९६६ मध्ये व्हर्जिनियातील हॅनोव्हर काउंटीत ते अनैतिक ठरवले गेले, तेव्हा ली यांनी वृत्तपत्राला खोचक पत्र लिहिले. २०१७ मध्ये मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे आठवीच्या अभ्यासक्रमातून ते काढले गेले, ते त्यातील कृष्णवर्णीयांबद्दलच्या अपशब्दांमुळे विद्यार्थ्यांना त्रास होतो म्हणून. पहिला आक्षेप हास्यास्पद होता. दुसऱ्याचे उत्तर बंदी नसून वर्गात त्यावर नीट बोलणे हे आहे, असे मला वाटते.

१५. मराठी वाचकाने ही कादंबरी जातीच्या संदर्भात वाचावी का?

तुलना करावी, पण जपून. वर्ण आणि जात एकच नव्हेत. तरी महाराष्ट्र आणि कृष्णवर्णीय अमेरिका यांच्यातील नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाविषयी विचारणा केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, ती ब्लॅक पँथर पक्षाचे नाव घेऊन.

या तिन्हींतली पहिली गोष्ट अ‍ॅटिकसच्या जवळची आहे, कारण तेथे सत्ताधारी समाजातून पुढे आलेल्यांचे ऋण मान्य केले आहे. उरलेल्या दोन मात्र स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्यांच्या आहेत. आपल्याकडे वकील-नायक म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे डॉ. आंबेडकर स्वतः पीडित समाजातले होते. म्हणून मराठी वाचकाला टॉमचे मौन (प्रश्न १३) कदाचित अधिक खटकेल.

१६. मन्रोव्हिलमध्ये यानंतर काही बदलले का?

जुने न्यायालय आता संग्रहालय आहे आणि कादंबरीचे नाट्यरूप तेथे स्थानिक कलाकार सादर करतात. त्याच मन्रोव्हिलमध्ये १९८६ मध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीयाला त्यात गोवले गेले. घटनेच्या वेळी तो घरच्या लोकांसोबत आणि अनेक साक्षीदारांसमोर होता. १९८८ मध्ये ज्यूरीने जन्मठेप सुचवली असताना न्यायाधीशाने ती डावलून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हनसन या कृष्णवर्णीय वकिलाने अपिले चालवून, दडवलेला पुरावा बाहेर काढून १९९३ मध्ये त्याची सुटका करवली. न्यायाधीशाचा अधिकार वापरून काय करता येते, याचे हे दुसरे टोक. पहिले प्रश्न ६ मध्ये आहे.

१७. शेवटी बू रॅडलीला वाचवण्यासाठी अ‍ॅटिकस स्वतःच कायदा वाकवतो. मग त्याच्या तत्त्वांचे काय?

बॉब युएल सूड म्हणून रात्री मुलांवर चाकूने हल्ला करतो, आणि वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेला बू रॅडली त्यांना वाचवतो. झटापटीत युएल मरतो. अ‍ॅटिकसला आधी वाटते की जेमच्या हातून हे घडले, आणि तेव्हा तो प्रकरण दाबायला ठाम नकार देतो : सगळे उघडपणे न्यायालयात आले पाहिजे. स्वतःच्या मुलासाठीही नियम न वाकवणे, ही त्याच्या सचोटीची सर्वांत कठोर कसोटी आहे आणि तो तीत उतरतो. मारणारा बू आहे हे लक्षात आल्यावर मात्र, युएल स्वतःच्याच सुरीवर पडला, ही शेरीफ टेटची कहाणी तो स्वीकारतो.

अनेक वाचक येथे समाधान पावतात, कारण लाजाळू माणसाला चव्हाट्यावर ओढणे क्रूरपणाचे ठरले असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र बूला भीती फारशी नव्हती. मुलांच्या बचावासाठी केलेल्या कृतीला त्याच मेकॉमच्या ज्यूरीने क्षणात माफ केले असते, कारण तो गोरा होता. म्हणजे नियम मोडला गेला तो ज्याला नियमाचा धोका सर्वांत कमी होता त्याच्यासाठी. टॉमला अटक करताना याच टेटने युएलच्या शब्दावर विश्वास ठेवला होता आणि डॉक्टरला बोलावण्याची गरजही त्याला भासली नव्हती. कादंबरी या दोन प्रसंगांना एकमेकांसमोर ठेवते, पण त्यांतल्या अंतराविषयी अ‍ॅटिकसच्या तोंडी एकही वाक्य घालत नाही.